बर्फ पडल्यावर

"डावा हात," बर्निस म्हणाली. "पुडी डाव्या हातावर ठेवायची. काय मागायचंय ते आधी सांगायचं, मग हात पुढे करायचा. आणि मग गप्प राहायचं."

कागद गिरणीचे अध्यक्ष थॉर्सन यांनी लाल कापडात बांधलेली तंबाखूची पुडी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. एवढा सहा फुटी माणूस, पण स्नेहसंमेलनात पहिल्यांदा रंगमंचावर ढकललेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"गप्प किती वेळ?"

"समोरच्यानं घेईपर्यंत."

"आणि नाहीच घेतली तर?"

सभागृहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रॉयचं डोकं बाहेर आलं. रॉय काकीवे हा या गावचा चीफ आणि बर्निसचा चुलत भाऊ. आज कमरेला टॉवेल गुंडाळून सकाळपासून तो दीडशे माणसांचे मासे तळत होता. "तर विमान आहेच की साहेब! चार वाजता. पण उपाशी नाही पाठवणार, मासा खाऊन जा."

थॉर्सन हसले. बर्निसही हसली. दोन्ही बाजूंना सारखं वाटून देता येईल असं एक हसू तिच्याकडे होतं, आणि बत्तीस वर्षांच्या वापरानं ते आता चेहऱ्यावर आपोआप यायचं.

बत्तीस वर्षं ती कॅनडातल्या कंपन्या आणि तिच्यासारखे मूळ रहिवासी यांच्यातल्या सलोख्याची सल्लागार होती. बँका, विमानतळ, खाणी, विमा कंपन्या, शाळा, दवाखाने, सगळीकडे तिला बोलावणं यायचं. ही जमीन कोणाची होती, ती कशी गेली, मुलांना आईच्या मांडीवरून उचलून कुठं नेलं, हे ती टाय लावलेल्या माणसांना शांत आवाजात सांगायची. रडणाऱ्याला रुमाल द्यायची, चिडणाऱ्याला पाणी द्यायची आणि दुपारच्या जेवणानंतर आराखडा पुढे ठेवायची. तिच्या आराखड्यांमुळे चारशेच्या वर पोरापोरींना नोकऱ्या लागल्या होत्या. दोन गावांना पिण्याचं पाणी मिळालं होतं, आणि एका खाणीनं एक अख्खी टेकडी परत केली होती. कामात खोट नव्हती. पण देवळाबाहेर बसून आल्यागेल्याला चपला कुठं काढायच्या ते सांगणाऱ्या माणसाचं जसं होतं, तसं तिचं झालं होतं. आत गाभारा आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आत जाऊन तिला युगं लोटली होती.

आजचं काम शेवटचं होतं. अकरा वर्षांचं होतं. गिरणीनं अठ्ठावन्न साली तळ्याच्या मुखाशी बांध घातला आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. घरं गेली, चर्च गेलं, उत्तरेच्या खाडीतला रानतांदूळही गेला. आता गिरणी माफी मागणार होती आणि बांधाचे दरवाजे कायमचे वर उचलणार होती. पाणी पाच फूट उतरणार होतं. वकिलांच्या सह्या झाल्या होत्या, संचालकांचे ठराव झाले होते. पण गावाची अट एकच होती: जुन्या गावात जन्मलेल्यांपैकी सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं तंबाखू घेतली, म्हणजे मागणं मान्य केलं, तर ते गावानं केलं. नाही घेतली, तर त्या सह्यांनी चूल पेटवा.

आणि असं माणूस आता एकच होतं. एलायझा, बर्निसच्या आईची धाकटी बहीण, वय चौऱ्याऐंशी.

थॉर्सननी पुडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? तुम्हीच द्या ना. तुमची सख्खी मावशी आहे. तुमच्या हातून नाही म्हणणार नाहीत त्या."

"नाही."

तो शब्द इतका ताडकन आला की खिडकीतून रॉयनं पुन्हा डोकावून पाहिलं. बर्निसनं हसू जागेवर आणलं. "ज्याचा हात, त्याचं मागणं," ती म्हणाली. "ती तुमच्या हातावरच हवी."

हे वाक्य तिनं हजार मॅनेजरांना शिकवलं होतं. पण ते तिला ज्या प्रसंगानं शिकवलं, त्याबद्दल ती कोणत्याही वर्गात बोलली नव्हती.

त्याला चोवीस वर्षं झाली होती. जुलै महिना होता. डासांनी हवा भरून गेली होती. तिची आई ॲग्नेस घराबाहेर फळीवर मासे साफ करत बसली होती. बर्निस शहरातून आली ती नव्या बुटांत, काखेत नकाशाची गुंडाळी आणि हातात लाल पुडी घेऊन.

"अगं बाई," आई म्हणाली होती, "कोणाचं लग्न ठरवायला आलीस?"

"आई, मस्करी नको. विचारायला आलेय."

"कोणाकडून?"

"गिरणीकडून. म्हणजे, आपल्यासाठीच गं. ते जंगल तोडणार आहेत उत्तरेला. आधी विचारतायत, कुठं हात लावायचा नाही म्हणून. पहिल्यांदाच विचारतायत कोणी. तू सांग, मी खुणा करते. खूण केली की ती जागा वाचली."

आईनं सुरी पाण्यात धुतली, हात पदराला पुसावा तसा अंगातल्या स्वेटरला पुसला आणि पुडी घेतली. गिरणीच्या माणसानं दिली असती तर कदाचित घेतली नसती. लेकीचा हात होता, म्हणून घेतली.

तीन दिवस ती सांगत होती. इथं तुझ्या आजोबांचा सापळे लावत जायचा रस्ता. इथं दोन जुळी पुरलीत, नावं ठेवायच्या आधीच गेली. इथं औषधाची मुळी आहे, पण पायानं तुडवत जाऊ नको म्हणावं. बर्निस खुणा करत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचं बोट उत्तरेच्या खाडीत शिरलेल्या जमिनीच्या एका टोकावर थांबलं. तिथं जुन्या पाइनची दाटी होती, तीन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं.

"हे नंतर," आई म्हणाली.

"नंतर म्हणजे?"

"बर्फ पडल्यावर. ह्या जागेची गोष्ट हिवाळ्याची आहे. आत्ता सांगितली तर बेडूक अंथरुणात येईल तुझ्या." आई हसली होती, पण बोट तिनं उचललं नव्हतं. "येशील ना?"

"येईन की."

हिवाळ्याची आख्यानं उन्हाळ्यात लावायची नाहीत, हे बर्निसला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्यांची गोष्ट असते ते उन्हाळ्यात जागे असतात, ऐकतात. बर्फाखाली सगळं निजलं की मग माणसानं तोंड उघडायचं. ते ती दुधाबरोबर प्यायली होती. पण अहवाल पंधरा ऑक्टोबरला द्यायचा होता. एक ओळ तिला लिहिता आली असती: काम अपुरं आहे, हिवाळ्यानंतर पुरं होईल. त्या ओळीवर तिनं एक अख्खी दुपार काढली. समोरचे साहेब विचारणार, का? आणि ती काय सांगणार, बेडूक? नव्या बुटांतल्या बर्निसला लाज वाटली. तिनं ती ओळ लिहिली नाही.

त्या धंद्यात जिथं खूण नसते तिथं हरकतही नसते. फेब्रुवारीत ते टोक तोडलं गेलं. सव्वाशे ट्रक लाकूड निघालं.

त्या हिवाळ्यात बर्निस टोरांटोत होती. तो अहवाल फार नावाजला गेला होता, आणि पुढचं काम लगेच मिळालं होतं. एप्रिलमध्ये तळ्याचा बर्फ फुटायच्या आठवड्यात आई गेली.

गावच्या रीतीनं तीन दिवस देह घरात होता आणि तीन दिवस भजनं चालली होती, आपल्या बोलीतली, संथ, एकेका शब्दाला जागा देणारी. मावशीचा गळा गावात सगळ्यात गोड. ती उशाशी बसून गात होती. बर्निस येऊन शेजारी टेकली, तेव्हा दोन भजनांच्या मधे मावशी तिच्याकडे न बघताच म्हणाली होती, "दर रविवारी दोन कपांचं आधण ठेवायची. मी म्हणायची, एक कप वाया जातोय ॲग्नेस. तर म्हणायची, बर्फ आहे अजून, येईल."

आणि पुढचं भजन उचललं होतं.

त्या दिवसापासून मावशी तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. इंग्रजीत. 'बसा. चहा घेणार? प्रवास बरा झाला ना?' शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बर्निसला तेवीस वर्षं वाटत होतं.

अकरा वाजता रॉयच्या ट्रकमधून मावशी आली. डोक्यावर आइस हॉकीची निळी टोपी, पायात सशाच्या केसाळ कातड्याची घरात शिवलेली पादत्राणं, हातात चालताना आधाराला धरायची चाकांची चौकट. दारातच तिनं नाक वर केलं.

"मासा करपवलास."

"कुरकुरीत आहे मावशी."

"चीफ झालास म्हणून करपलेल्याला कुरकुरीत म्हणायचं होय रे?"

सभागृह हसलं. बर्निस पुढे झाली. मावशीनं मान किंचित हलवली. "नमस्कार. प्रवास बरा झाला?"

"बरा झाला," बर्निस म्हणाली.

थॉर्सननी माफीचं भाषण वाचलं. ते बर्निसनंच सात वेळा दुरुस्त केलेलं होतं. भाषण चांगलं होतं. पण कीर्तनात बुवांनी नमन करावं, पूर्वरंगही नेटका मांडावा आणि उत्तररंगाला सूर लागू नये, तसं झालं होतं. लोक सभ्यपणे ऐकत होते, पोरं टेबलाखाली रांगत होती. मग थॉर्सन कागद ठेवून मावशीच्या खुर्चीपुढे गेले, थोडे वाकले, म्हणाले, "दरवाजे वर उचलायची परवानगी मागायला आलोय. आणि आमची माफी घ्यावी, म्हणून." आणि डावा हात पुढे केला.

मावशी हाताकडे बघत राहिली. रॉयनं चूल बंद केली तो आवाजसुद्धा मोठा वाटला.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" मावशीनं विचारलं.

हा प्रश्न भाषणात नव्हता. थॉर्सननी बर्निसकडे पाहिलं. बर्निसनं नजर जमिनीवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं गिऱ्हाइकाला उत्तर पुरवलं नाही.

"ठराव मंडळाचा आहे," थॉर्सन म्हणाले, आणि अडले. "पण... माझे वडील गिरणीत मुकादम होते. सत्तर साली मला इथं पोहायला आणायचे. तुमच्या त्या बाजूच्या खडकावरून मी उड्या मारायचो. खाली गाव आहे हे मला कोणी सांगितलं नाही. मी चाळीस वर्षांचा झाल्यावर कळलं. मी कोणाच्या घरावर पोहत होतो, एवढंच मला सारखं वाटतं."

मावशीनं पुडी घेतली.

सभागृहानं श्वास सोडला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मावशी चौकट धरून उभी राहिली, तशी पुन्हा शांतता झाली.

"पाणी उतरलं की घाण वास येईल," ती म्हणाली. "चिखलाचा. दोन वर्षं येईल. तेव्हा ओरडत माझ्याकडे येऊ नका. तांदूळ परत येईल का म्हणून पण विचारू नका. ते तांदूळ ठरवील." ती जरा थांबली. "माणूस घाबरलेला होता, पण हात मागे घेतला नाही. झालं. आता जेवा, मासा करपलाय तसाच."

अकरा वर्षांचं काम त्या एका हातानं पदरात पडलं होतं. थॉर्सनच्या डोळ्यांत पाणी होतं; ते बर्निसचा हात हलवत राहिले. गावातल्या दोघी-तिघींनी तिला मिठी मारली. फोटो काढायची वेळ आली तेव्हा रॉय ओरडला, "गिरणीवाले ह्या बाजूला, गाववाले त्या बाजूला!" दोन्हीकडची माणसं सरकली, आणि मधोमध बर्निस उभी राहिली. क्षणभर तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग रॉयच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "मी काढते."

जेवणं झाल्यावर मावशी खिडकीशी एकटी चहा पीत बसली होती. बर्निसनं कोटाच्या खिशातून दुसरी पुडी काढली. ती तिनं स्वतः बांधली होती, सहा महिन्यांपूर्वी, राजीनामा लिहिला त्या दिवशी.

"मावशी."

"बसा."

ती बसली नाही. "मागायला आलेय. आईनं सांगायची राहिलेली गोष्ट. पाइनच्या टोकाची." आणि डावा हात पुढे केला.

मावशीनं चहाचा घोट घेतला. "कोणाकडून?"

"कोणाकडूनच नाही. माझ्याकडून. काम आजपासून संपलं."

"टोक तुटलं. आता गोष्ट घेऊन काय करणार? नकाशात घालणार?"

"ऐकणार."

"विमान कितीचं?"

"चारचं."

"सप्टेंबर आहे, बाई. बेडूक जागे आहेत अजून." मावशीनं कप ठेवला. "केव्हा यायचं ते तुमच्या आईनं सांगितलं होतं."

ती चौकट सरकवत निघून गेली. बर्निसचा हात तसाच पुढे होता. गप्प किती वेळ राहायचं, हे ती लोकांना शिकवायची. एक बाई टेबल पुसायला आली तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला.

चार वाजता धक्क्यावर पाण्यावरचं छोटं विमान घरघरत होतं. थॉर्सन आत बसून तिची वाट पाहत होते. बर्निसनं कागदांची बॅग त्यांच्या हातात दिली, गिरणीचं ओळखपत्र गळ्यातून काढून वर ठेवलं आणि स्वतःची छोटी पिशवी तेवढी खांद्यावर ठेवली.

"येत नाही तुम्ही?"

"नाही."

"मग केव्हा येणार?"

"बर्फ पडल्यावर बघू."

विमान उडून गेल्यावर रॉय तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "राहणार कुठं, बर्नी? माझ्याकडे अकरा माणसं नि एक संडास आहे." त्यानं डोकं खाजवलं. "नर्सबाईची खोली रिकामी आहे. सरकारनं खोली पाठवली, नर्स पाठवायची राहिली. गरम पाणीसुद्धा येतं, नशीब असेल त्या दिवशी."

ती राहिली. गावाला वाटलं, नवा प्रकल्प असणार. दुकानात कोणी विचारायचं, "कसला सर्व्हे आहे?" कोणी म्हणायचं, "आता कोणाकडून आलीस, बँकेकडून का?" ती म्हणायची, कोणाकडून नाही, आणि समोरचा डोळा मिचकवायचा. आपल्या गावात आपण कोणाकडून आलो ते सांगावं लागावं, यापरता वनवास नाही. तिनं लाकडं फोडायला घेतली. पहिल्या दिवशी तळहात सोलून निघाले आणि रॉयच्या बायकोनं तिच्या ढलप्या बघून म्हटलं, "छान आहेत, दात कोरायला होतील." मग तिनंच कुऱ्हाड कशी धरायची ते पुन्हा दाखवलं. फोन यायचे. एका बँकेला व्याख्यान हवं होतं, एका विद्यापीठाला मानद पदवी द्यायची होती. ती हिवाळ्यानंतर बघू म्हणायची.

रविवारी चर्चमध्ये मावशी गायची. बर्निस शेवटच्या बाकावर बसायची. पाच-सहाच म्हातारी माणसं असायची, पण मावशीनं पहिली ओळ उचलली की चर्च भरून जायचं. बर्निसला ओळखीचे शब्द यायचे, जायचे. नवव्या वर्षी तिला शहरातल्या वसतिगृहात नेलं, तेव्हा ही बोली तोंडातून गेली. कानात राहिली तेवढी अंगणातली, आईच्या हाकेपुरती. तरी त्या सुरांत ती डोळे मिटून बसायची. आईच्या देहाशेजारी हेच सूर होते. प्रार्थनेत काय मागायचं ते तिला सुचत नसे. ती नुसती म्हणायची, देवा, मावशीला या हिवाळ्यापर्यंत ठेव. मावशी वळून बघत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी जाग आली तर सगळं पांढरं. बर्निस बूट नीट न बांधताच मावशीच्या दाराशी गेली. मावशीनं दार उघडलं, तिच्या हातातली पुडी पाहिली, मग तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं.

"हा बर्फ आहे?"

"मावशी..."

"ही थट्टा आहे. दुपारपर्यंत चिखल होईल." दार लागलं. आतून आवाज आला, "बूट बांध, पडशील!"

दुपारपर्यंत चिखल झाला. पण बर्निस खोलीवर आली ती रडत आणि हसत, दोन्ही. दाराआडून आलेलं ते वाक्य इंग्रजी नव्हतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर तळं गोठलं. त्यानंतर चार दिवस बर्फ पडला, वाऱ्याशिवाय, उभा, सरळ. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर बर्निस निघाली. गावात आवाज नव्हता. मावशीच्या पायरीवरचा बर्फ कोणी झाडला नव्हता. तिनं तो आधी झाडला, मग दार ठोठावलं.

मावशी शेगडीशी बसली होती. टोपी नव्हती, पांढरे केस मोकळे होते. दोन महिन्यांत ती बारीक झाली होती. बर्निस तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. काय मागायचंय ते सांगितलं. डावा हात पुढे केला. या वेळी मावशीनं कोणाकडून म्हणून विचारलं नाही. पुडी घेतली, चिमूटभर तंबाखू शेगडीत सोडली आणि उरलेली मांडीवर ठेवली.

"लिहायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मधे विचारायचं नाही."

"नाही."

मावशीनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिल्या चार वाक्यांतच बर्निसच्या लक्षात आलं. ही अंगणातली बोली नव्हती. हे जुनं होतं, लांबलचक शब्दांचं, आख्यानाचंच शब्दभांडार. पाणी कळलं. थोरला भाऊ कळला. झिंग्वाक कळलं, ते पाइनचं झाड. कोणीतरी तिथं थांबलं होतं आणि कोणाची तरी वाट पाहत होतं, एवढं कळलं. कोण, आणि कोणाची, ते शब्द कानाशी येत होते आणि गोठलेल्या तळ्यावरून घसरावं तसे निघून जात होते. बत्तीस वर्षांच्या सवयीनं तिचा हात खिशाकडे गेला, पेन नव्हतं, आणि तिनं तो परत मांडीवर ठेवला.

मावशीनं डोळे उघडले. "कळतंय?"

खोटं बोलता आलं असतं. "थोडं," बर्निस म्हणाली. "अर्ध्याच्या आत."

मावशीनं शेगडीत एक लाकूड सरकवलं. "ॲग्नेसला जमायचं," ती म्हणाली. "लहान पोरालासुद्धा कळेल असं सोपं करून सांगायची. एकेक शब्द फोडून हातावर ठेवायची. मला नाही येत तसं. मी ऐकलं तसंच सांगते." मग हळू आवाजात विचारलं, "थांबू?"

"नको."

"उद्यापण एवढंच कळेल."

"चालेल. उद्या येते. परवाही."

मावशीनं मान हलवली. खिडकीबाहेर चार वाजताचा उजेड निळा होऊ लागला होता. तिनं पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी आवाज जरा वर चढला, अर्धा बोलण्यातला, अर्धा गाण्यातला. बर्निस ऐकत होती. लहानपणी आईच्या कुशीत ऐकताना एक गोष्ट तिला शिकवावी लागली नव्हती: सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो, नाहीतर तो समजतो की ऐकणारा निजला, आणि गोष्ट तिथंच थांबते. मावशीचा सूर जिथं थोडा उतरायचा, तिथं ती "एंह" म्हणायची. अर्थ कळो न कळो. पुन्हा सूर उतरला, पुन्हा तिनं म्हटलं, "एंह." आणि मावशी पुढे गेली.